ऑर्ता आमचे पूर्वज का?

प्रश्न : आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. माझे सासर-माहेर रायगड जिल्ह्यातले असून यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही फोंड्यात स्थायिक झालो. इथे ओळख होताच गाव आणि कुलदैवत विचारतात. गाव सांगते, पुढे अडखळते. पणजीच्या गार्सिया द ऑर्ता उद्यानात गेलो असता मुलीने विचारले, ‘हे ज्यू होते ना, मग आपले पूर्वज का?’ इथे सिनेगॉग (आमचे प्रार्थनास्थळ) नाही, निम्मे नातेवाईक इस्राएलमध्ये आहेत. तिला काय सांगावे?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : नाही, असे तिला स्पष्ट सांगा. ऑर्ता हे पोर्तुगालमध्ये सक्तीने ख्रिस्ती केलेल्या ज्यू कुटुंबातले वैद्य. ते १५३४ मध्ये गोव्यात आले आणि औषधी वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. १५६८ मध्ये ते वारले. पुढच्याच वर्षी त्यांची बहीण कातारीना हिला गुपचूप ज्यू आचार पाळल्याच्या आरोपावरून इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, जाळून मारले आणि १५८० मध्ये खुद्द ऑर्तांची हाडे उकरून जाळण्यात आली. तुमच्या घराण्यांची परंपरा मात्र अलिबागजवळच्या नौगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतापासून, तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवणाऱ्या ‘शनवार तेल्यां’पासून सांगितली जाते. रक्ताचे नाते नसले, तरी कातारीनाचे दुःख मुलीला आपले वाटले तर वाटू द्यावे.

कुलदैवताच्या प्रश्नाने संकोचू नका. ज्यांच्या पूर्वजांनी सोळाव्या शतकात पोर्तुगीजांपासून वाचवण्यासाठी मंगेशाला कुठ्ठाळीहून नदीपार प्रियोळला नेले, त्यांच्या वंशजांसाठी तो आपुलकीचा प्रश्न आहे, आणि श्रद्धा जपण्यासाठी काय सोसावे लागते हे त्यांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही. आमच्यात कुलदैवत नसते, पण मंगलप्रसंगी एलियाहू हानावी या संदेष्ट्याचे स्मरण करून मलिदा करतात, एवढे सांगितले तरी पुरे. एलियाहूंना देव म्हणून वेळ मारून नेऊ नये, असे मला मनापासून वाटते.

सिनेगॉग नसल्याची उणीव खरी आहे, ती मी नाकारणार नाही. तरीही तुमच्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सिनेगॉगविना, शब्बाथ (शनिवारचा विसावा), सुंता आणि ‘शेमा’ ही प्रार्थना यांच्या आधारावरच धर्म टिकवला; मुंबईतले त्यांचे पहिले सिनेगॉग १७९६ मध्ये उभे राहिले. म्हणून मलिदा घरीच होऊ द्या. भिजवलेल्या पोह्यांत ओले खोबरे, साखर आणि वेलदोड्याची पूड मुलीला स्वतःच्या हाताने कालवू द्या, ताटात फळे तिलाच मांडू द्या, आणि त्या वेळी म्हणायचे एलियाहूंचे गाणे तिच्याकडून पाठ करून घ्या.

इस्राएलमधल्या आप्तांपेक्षा आपण कमी ज्यू, असेही तिच्या मनात येऊ देऊ नका. तिथेही १९६० च्या दशकात बेने इस्राएलांच्या ज्यूपणावरच शंका घेतली गेली आणि १९६४ मध्ये सरकारने समान दर्जा स्पष्ट करेपर्यंत त्यांना लढावे लागले. त्याच देशात त्यांच्यातले काही जण आजही घरात मराठी बोलतात. सुटीत मुलीला नौगावला घेऊन जा, तिथली जुनी दफनभूमी दाखवा, आणि जाण्याआधी आजीकडून मराठी कीर्तनांची पदे तिच्याच वहीत उतरवून घ्या.