विद्यार्थी व्हिसा आणि जादूचे प्रयोग: आरमोरीच्या भाऊंना उत्तर

भाऊ, आरमोरीजवळच्या गावात राहून तुम्ही सहा वर्षे दिवाळीनंतरच्या मंडयांत म्हणजे गावजत्रांत, शंकरपटांत म्हणजे बैलांच्या शर्यतींत आणि शाळांत हातचलाखीचे प्रयोग करता, आणि आता इंग्लंडमध्ये एका वर्षाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेऊन प्रयोगांवरच राहण्याचा खर्च काढावा, असा तुमचा विचार आहे. तसे करू नका. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर ठरावीक तास नोकरी करता येते, परंतु स्वतःचा व्यवसाय करता येत नाही आणि मनोरंजन करणारा कलावंत म्हणून काम करण्यास तर स्पष्ट मनाई आहे. म्हणजे दुकानात पेट्या उचललेल्या चालतील, पण लग्नात पत्ते दाखवून पैसे घेतले तर नियमभंग होईल. ‘पार्ट टाइम सगळे चालते’ असे सांगणाऱ्या एजंटला हे नेमके वाक्य नियमांत दाखवायला सांगा.

मी यवतमाळ जिल्ह्यातला. पत्नी परिचारिका म्हणून इथल्या, ब्रिटनमधल्या रुग्णालयात लागली, मी तिचा अवलंबित म्हणून आलो आणि त्या व्हिसावर स्वतंत्र व्यवसाय करता येत असल्यामुळे माझे जमले. त्यात माझ्या बोटांचे कर्तृत्व काही नाही, तेव्हा माझ्यावरून हिशेब मांडू नका. कलावंतांसाठी वेगळा तात्पुरता व्हिसा आहे, पण त्याला परवानाधारक प्रायोजक लागतो आणि काम मुख्यतः त्याच्याकडेच करावे लागते. तुम्हाला त्यातल्या त्यात सोयीचा मार्ग म्हणजे ऑगस्टमधला एडिंबरा फ्रिंज, म्हणजे स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरातला रंगमंचीय कलांचा महोत्सव. १९४७ पासूनच्या या महोत्सवात कलावंत निवडणारी समिती नसते आणि भेटीच्या व्हिसावर मानधन घेण्याची मुभा असलेल्या मोजक्या महोत्सवांत तो मोडतो. खर्च मात्र सगळा आपला, आणि पहिल्या वर्षी पैसे सुटतील असे धरू नका. नियम बदलत राहतात, म्हणून अर्जाआधी सरकारी संकेतस्थळ स्वतः वाचा.

आता कलेविषयी. इथे मला बहुतेक कामे मिळतात ती रंगमंचावरची नव्हे, पाहुण्यांच्या घोळक्यातली. लग्नात जेवणाआधी लोक हातात पेला घेऊन तिघे-चौघे उभे असतात, त्यांच्यात शिरून पाच-सात मिनिटांत दोन-तीन प्रयोग करायचे आणि पुढच्या गटाकडे जायचे. माणूस गायब करण्याची पेटी त्यासाठी निरुपयोगी आहे. ती गावीच राहू द्या. मंडईत लोक चारही बाजूंनी बसतात, पोरे तर मागून येऊन बाह्या चाचपतात, त्यामुळे तळव्यात नाणे दडवताना मागचा कोन झाकण्याची सवय तुमच्या हाताला आधीच आहे. रंगमंचावरच वाढलेल्या जादूगाराला ती इथे नव्याने लावून घ्यावी लागते.

अडचण येईल ती बोलण्यात. प्रश्न विचारला की समोरचा तुमच्या चेहऱ्याकडे पाहतो आणि तेवढ्यात नाणे डाव्या हातात गेल्यासारखे दिसून उजव्यातच राहते. नजर फिरवण्याचे हे काम बोटांपेक्षा जीभ करते. मी सुरुवातीला आपले वऱ्हाडी विनोद जसेच्या तसे इंग्रजीत सांगत असे. लोक वाक्याचा अर्थ लावत माझ्या हातांकडेच पाहत राहत, आणि एका लग्नात त्यांनी मला दोनदा पकडले. त्यानंतर मी शब्द निम्मे केले.

नाणीही आपलीच आणावी लागतात, कारण इथे लोक कार्डाने पैसे देतात आणि खिशात सुटे नसतात. बरेच जादूगार जुनी इंग्रजी पेनी किंवा अमेरिकन अर्धा डॉलर वापरतात; सुमारे ३१ मिलिमीटरची ती नाणी लांबून दिसतात आणि तळव्यात बसतातही. हॉटेलवाले सार्वजनिक दायित्वाच्या विम्याचे (तुमच्यामुळे कोणाला इजा किंवा नुकसान झाले तर भरपाई देणाऱ्या विम्याचे) प्रमाणपत्र मागतात, जो इक्विटी या कलावंतांच्या संघटनेच्या सदस्यत्वाबरोबर मिळतो. लंडनच्या मॅजिक सर्कलची, म्हणजे १९०५ साली स्थापन झालेल्या जादूगारांच्या संस्थेची, सदस्यत्वाची परीक्षा सध्या विसरा.

तूर्त एवढे करा. तालुक्याच्या शाळेतल्या इंग्रजीच्या शिक्षकांसमोर सहा मिनिटे इंग्रजीत बोलत प्रयोग करा, कोणाला तरी तुमच्या पाठीमागे उभे करून त्याचे सलग, न कापलेले चित्रीकरण करून घ्या आणि मला पाठवा.