वाचक विचारतात : घरातला पहिलाच फ्रीमेसन

प्रश्न : एका परिचितांनी मला फ्रीमेसन, म्हणजे बंधुभाव आणि दानधर्म मानणाऱ्या एका जुन्या संघटनेचा सभासद, होण्याबद्दल विचारलं आहे. आमच्या घरात आजवर यात कुणी नाही. आईला धर्म सोडावा लागेल अशी धास्ती आहे, तर बायको म्हणते, गुप्त मंडळात कशाला जायचं? अर्ज दिल्यावर नेमकं काय होतं?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : धर्म सोडावा लागत नाही. उलट ईश्वरावर श्रद्धा नसलेल्याला प्रवेशच नाही. शपथ आपापल्या धर्मग्रंथावर घेतात. भारतातल्या लॉजमध्ये, म्हणजे फ्रीमेसनांच्या स्थानिक शाखांमध्ये, गीता, कुराण, बायबल, गुरु ग्रंथसाहिब असे ग्रंथ शेजारी शेजारी असतात आणि तिथे धर्म-राजकारणावर वाद घालायला मनाई असते. आईंना हे एवढं सांगितलं तरी पुरे.

पत्नीचा प्रश्न मात्र टोलवू नका. गुप्त असतात त्या ओळखीच्या खुणा, परवलीचे शब्द आणि विधींचा काही भाग. बैठक कुठे, कधी आणि खर्च किती, हे घरी सांगायला काहीच आडकाठी नाही. चौकशीला येणारे सभासद बऱ्याचदा पत्नीशीही बोलतात. तिची मनापासून संमती नसेल तर अर्ज पुढे ढकला, असंच आम्ही सांगू.

आता प्रक्रिया. साधारणपणे वय २१ पूर्ण हवं, शिवाय एक सूचक आणि एक अनुमोदक, दोघेही तुम्हाला खरोखर ओळखणारे. मग मुलाखत आणि त्यानंतर पांढऱ्या-काळ्या गोळ्यांनी गुप्त मतदान. नकार आला तर कारण कळत नाही, म्हणून निकालाआधी गावभर सांगत फिरू नका. निवड झाली की पहिल्या पदवीचा, म्हणजे सदस्यत्वाच्या पहिल्या टप्प्याचा, विधी होतो आणि कोकराच्या कातड्याचा पांढराशुभ्र, बिनानक्षीचा एप्रन मिळतो. पुढे दुसरी पदवी आणि तिसरी, म्हणजे मास्टर मेसन.

नवखे अडतात ते पाठांतराला. दुसऱ्या पदवीआधी ठरलेल्या प्रश्नांची उत्तरं भर लॉजमध्ये, न बघता द्यावी लागतात आणि ती बहुधा इंग्रजीत असतात. मनातल्या मनात वाचलेलं ऐनवेळी आठवत नाही. सूचकांसमोर बसून मोठ्याने म्हणा.

खर्चात प्रवेश शुल्क आणि वार्षिक वर्गणी सगळे धरतात. बैठकीनंतरचं जेवण, दानपेटी, गडद सूट, पांढरे हातमोजे आणि प्रवास विसरतात. आकडे लेखी मागा. लॉज पुण्यातलं असेल तर एका बैठकीसाठी जाऊन-येऊन साडेचारशे किलोमीटरच्या पुढे प्रवास होतो आणि जेवणं उरकेपर्यंत रात्र होते. मुक्कामाची सोय आधीच बघा. वर्षभर हे जमणार नसेल तर जवळचं लॉज शोधा किंवा थांबा. घराला झळ पोहोचवून दानधर्म करू नये, ही तर फ्रीमेसनरीचीच शिकवण आहे.

प्रश्न : मोबाइलवर मेसेज आला की नोंदणीचे पैसे भरा, आठवड्यात फ्रीमेसनचं सदस्यत्व आणि धनलाभ. खरं असेल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. मुलाखत आणि मतदानाशिवाय कुणालाही घेत नाहीत आणि धनलाभाचं आश्वासन कुठलंच खरं लॉज देत नाही. भारतात १९६१ साली ग्रँड लॉज ऑफ इंडिया ही लॉजची मध्यवर्ती संस्था स्थापन झाली. तिच्या पश्चिम विभागाचं कार्यालय मुंबईत फोर्ट भागात, फ्रीमेसन्स हॉलमध्ये आहे. कुठलंही लॉज खरं की खोटं, तिथे विचारा. पैसे भरून बसला असाल तर आजच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि बँकेला कळवा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यात सरकवलेली असते.