राजीनामा लिहिण्याआधी

प्रश्न : मी ४४ वर्षांची असून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. सहा वर्षांपूर्वी स्क्लेरोडर्माचे, म्हणजे त्वचा कडक होत जाणाऱ्या आजाराचे, निदान झाले. दिवाळीपासून खाली बसले की कशाला तरी धरल्याशिवाय उठवत नाही, दोरीवर कपडे टाकायला हात वर जात नाहीत. सासूबाई म्हणतात, आजार कातडीचा, मग पायांना काय झाले? यजमान म्हणतात, नोकरी सोड. काय करू?

उत्तर : सासूबाईंचा प्रश्न बोचरा असला तरी रास्त आहे, फक्त तो तुम्हाला नव्हे, डॉक्टरांना विचारायला हवा. हा आजार त्वचेपुरता राहतोच असे नाही. फुप्फुसे, अन्ननलिका, हृदय आणि काही रुग्णांत स्नायूही त्याच्या तावडीत सापडतात. बोटे आखडल्यामुळे कुकरचे झाकण न लागणे वेगळे आणि मांड्यांत, खांद्यांत जोरच नसल्यामुळे उठता न येणे वेगळे. तुमचे वर्णन दुसऱ्या प्रकाराकडे बोट दाखवते, म्हणून पुढच्या तारखेची वाट न पाहता संधिवाततज्ज्ञांना भेटा आणि हेच शब्द त्यांना सांगा. जिना चढताना आधी पाय थकतात की आधी दम लागतो, तेही पाहून ठेवा. ते सीपीकेची, म्हणजे स्नायूंना इजा झाल्यास रक्तात वाढणाऱ्या घटकाची, रक्ततपासणी आणि गरज पडल्यास ईएमजी, म्हणजे स्नायूंतील विद्युत हालचालींची तपासणी, सुचवतील. स्नायूंना सूज असेल तर हृदयाचीही तपासणी करून घ्यावी लागते. रक्तक्षय, थायरॉइड आणि घटलेले वजन यांनीही अशीच गळाठी येते, आणि ती कारणे त्या मानाने लवकर आटोक्यात येतात.

एका बाबतीत मात्र मी हट्टी आहे. अशक्तपणावर म्हणून कोणी परस्पर स्टिरॉइड दिले तर घेऊ नका, कारण या आजारात त्याचा मोठा डोस रक्तदाब एकाएकी वाढवून मूत्रपिंडे निकामी करू शकतो. आधीपासून चालू असेल, तर मनाने बंदही करू नका.

राहिली नोकरी. यजमानांचा हेतू काळजीचाच असेल, पण दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मधील कलम २० प्रमाणे सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला शासकीय आस्थापनेने, म्हणजे जिल्हा परिषदेनेही, काढून टाकायचे नसते किंवा खालच्या पदावर आणायचे नसते. सध्याचे काम जमत नसल्यास त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यायचे असते. स्वतःहून राजीनामा दिलात, तर हे संरक्षण आपल्याच हाताने सोडाल. त्याऐवजी उपचारानंतरही अडचण उरली, तर यूडीआयडी या दिव्यांग ओळखपत्राच्या सरकारी संकेतस्थळावर दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करा. खुर्ची आणि तळमजल्यावरचा वर्ग मात्र मुख्याध्यापकांकडे आजच मागता येईल.

आणि तपासणीला जाताना सासूबाईंना सोबत न्या. पायांचा प्रश्न त्यांनाच विचारू द्या.