पाग टाकणारा माणूस आणि अ‍ॅनिमेशनचे शिक्षण

प्रश्न : माझी मुलगी बारावीत आहे. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट परीक्षांत तिला ‘अ’ श्रेणी मिळाली असून तिला अ‍ॅनिमेशन शिकायचे आहे. एका खासगी संस्थेने नोकरीची हमी देऊन मोठे शुल्क सांगितले आहे. शिवाय नवा संगणक घ्यावा लागेल. आमची आंब्याची बाग आहे, खर्च कसाबसा झेपेल. पण ही कला आहे की संगणकाचे तंत्र, हेच आम्हाला उमगत नाही.
— एक पालक, देवगड

उत्तर : आपल्या शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण शुल्काचा निर्णयही तिच्यावरच अवलंबून आहे. अ‍ॅनिमेशन ही कलाच आहे आणि तिचा जीव चित्राच्या देखणेपणापेक्षा दोन चित्रांमधल्या अंतरात आणि वेळेत असतो. चित्रपटाच्या एका सेकंदात २४ चौकटी (फ्रेम) धावतात. हाताने काढलेल्या कामात बहुधा एक चित्र दोन चौकटींना वापरतात, म्हणजे मिनिटाला ७२० चित्रे लागतात. त्यांतले प्रत्येक चित्र कुठे ठेवायचे, हे संगणक ठरवत नाही.

खाडीवर पाग, म्हणजे हाताने फेकायचे गोल जाळे, टाकणारा माणूस आपल्या मुलीने लहानपणापासून पाहिला असेल. आता तो तिने वही घेऊन पाहावा. जाळे फेकण्याआधी तो उलट बाजूला वळतो, अंगाचा भार मागच्या पायावर घेतो आणि मग कमरेतून फिरत हात मोकळा करतो. हात थांबला तरी जाळे पुढे जातच राहते, हवेत गोल उघडते, कडेची शिशाची वजने आधी पाण्याला लागतात आणि मधला भाग मागाहून खाली बसतो. फेकीपूर्वीच्या त्या उलट्या हालचालीला अ‍ॅनिमेटर अँटिसिपेशन म्हणतात आणि मागे रेंगाळणाऱ्या गतीला फॉलो-थ्रू. वहीच्या कोपऱ्यात साध्या रेघांची वीसेक चित्रे काढून पाने झरझर सोडली, की कुठे चुकले ते डोळ्यांना लगेच कळते. दादासाहेब फाळके यांनी १९१० च्या दशकात आगकाड्या एकेक चौकट सरकवून पडद्यावर नाचवल्या, त्याही अशाच धीराने.

कुडाळजवळच्या पिंगुळीला तिला अवश्य न्यावे. तिथले ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्या पडद्यामागे दिव्यासमोर हलवून रामायणातल्या कथा सांगतात. या परंपरेतले परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. जर्मनीच्या लोट्टे रायनिगर यांनी कापलेल्या काळ्या आकृत्यांवर १९२६ मध्ये पूर्ण लांबीचा चित्रपट केला, तेही सावलीचेच काम होते. एवढी मोठी शिदोरी घरापासून काही तासांवर आहे.

व्यवसायाचे म्हणाल, तर भारतातल्या स्टुडिओंकडे परदेशी निर्मात्यांची कामे मोठ्या प्रमाणावर येतात आणि त्यांत कथा व पात्रे पुष्कळदा तिकडेच ठरलेली असतात. नव्या मुलाच्या वाट्याला ठरलेल्या पात्राला हालचाल देण्याचे किंवा त्याहून लहान काम येते, आणि ते देताना प्रमाणपत्रापेक्षा त्याची एक-दोन मिनिटांची शोरील, म्हणजे स्वतःच्या निवडक कामाची चित्रफीत, पाहिली जाते. महागडा अभ्यासक्रम पुरा करून माझ्याकडे आलेल्या एका मुलाला सॉफ्टवेअरच्या सगळ्या आज्ञा पाठ होत्या, पण चालताना माणसाचा भार कोणत्या क्षणी पुढच्या पायावर येतो, हे त्याला दाखवता आले नाही. त्याच्या आईवडिलांचे पैसे आठवले की आजही मला वाईट वाटते. त्या मुलाचा काहीच दोष नव्हता.

म्हणून त्या संस्थेत जाऊन मागच्या तुकडीच्या शोरील पाहाव्यात, जिवंत माणसे समोर बसवून रेखाटन आठवड्यातून किती तास होते ते विचारावे आणि नोकरीची हमी लेखी मागावी. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत बारावीनंतर प्रवेशपरीक्षेने अ‍ॅनिमेशनचा पदवी अभ्यासक्रम करता येतो, तिचीही तयारी करावी. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागामध्ये पदवीनंतर ‘सीड’ ही प्रवेशपरीक्षा देऊन याच विषयात पुढे शिकता येते. संगणक मात्र प्रवेश पक्का होईपर्यंत घेऊ नये. सध्या वह्या, पेन्सिली आणि घरातला मोबाइल एवढे तिला पुरेल.