वाचकांचे प्रश्न : रोजच्या कामासाठी कॉर्डलेस ड्रिल

प्रश्न : मी मॉड्युलर फर्निचर बसवतो. दिवसाला शंभर-दीडशे स्क्रू, बिजागऱ्यांची ३५ मिमीची भोकं आणि अधूनमधून भिंतीत प्लग, एवढं काम असतं. बजेट बेताचं आहे. एका मशिनवर ‘४८ व्होल्ट’ लिहिलंय आणि ते १८ व्होल्टवाल्यापेक्षा स्वस्त मिळतंय. घ्यावं का?

उत्तर : घेऊ नका. आधी त्या आकड्याचा हिशेब करू. लिथियम-आयन बॅटरीतला एक सेल सरासरी ३.६ व्होल्ट देतो. असे ५ सेल एकापुढे एक जोडले की १८ व्होल्ट होतात. ‘२० व्होल्ट मॅक्स’ म्हणून विकली जाते ती हीच बॅटरी, फक्त आकडा पूर्ण चार्ज असतानाचा सांगितलेला असतो. त्याच हिशेबाने १०.८ आणि ‘१२ व्होल्ट मॅक्स’ म्हणजे ३ सेल. खऱ्या ४८ व्होल्टला तेरा-चौदा सेल लागतील आणि ते त्या मुठीएवढ्या बॅटरीत मावणारच नाहीत. बॅटरीच्या तळाशी बारीक अक्षरांत वॉट-अवर, म्हणजे बॅटरीत एकूण किती वीज साठते तो आकडा, छापलेला असतो, तो वाचा. १८ व्होल्ट, २ अँपिअर-अवर म्हणजे ३६ वॉट-अवर. ठळक आकडा मोठा आणि वॉट-अवरचा उल्लेखच नाही, अशी बॅटरी रोजच्या कामाला नको.

तुमच्या कामाला १८ व्होल्टचं, ब्रशलेस मोटरचं, २ बॅटऱ्यांसह मिळणारं मशिन योग्य. भिंतीचं काम नसतं तर आम्ही १२ व्होल्टचंच सुचवलं असतं. ते हलकं असतं, कपाटाच्या आत हात घालून काम करताना मनगट दुखत नाही आणि प्लायमधल्या स्क्रूंना त्याची ताकद पुरते.

ब्रशलेसचा आग्रह का? साध्या मोटरमध्ये कार्बन, म्हणजेच ब्रश, घासत असतात. घर्षणात आणि ठिणग्यांत थोडी वीज वाया जाते आणि कार्बन झिजतात. ते बदलता येत असतील तर साधी मोटरही चालेल. पण अनेक स्वस्त मशिनांत मोटरचा डबा बंद असतो, कार्बन संपले की अख्खी मोटर बदलायची. बॉडीच्या दोन्ही बाजूंना स्क्रू-ड्रायव्हरने उघडणाऱ्या गोल टोप्या दिसल्या तर कार्बन बाहेरून बदलता येतात.

टॉर्कच्या, म्हणजे फिरवण्याच्या जोराच्या, आकड्यात दोन प्रकार असतात. ‘हार्ड’ म्हणजे स्क्रू घट्ट बसून अडल्यावरचा क्षणभराचा झटका. ‘सॉफ्ट’ म्हणजे लाकडात स्क्रू जात असताना लागणारा सलग जोर. खोक्यावर बहुतेकदा फक्त हार्डचा आकडा असतो. दोन मशिनांची तुलना करताना हार्डची हार्डशी आणि सॉफ्टची सॉफ्टशीच करा.

दुकानात मशिन हातात घेऊन पाच मिनिटं तपासा. चकमध्ये, म्हणजे बिट धरणाऱ्या पुढच्या जबड्यात, लांब, सरळ बिट पकडून मशिन हळू फिरवा. बिटचं टोक एका जागी राहायला हवं. ते वर्तुळ काढत असेल तर दुसरं बिट लावून पाहा. तेही तसंच फिरलं तर ते मशिन नको. चक धरून आडवा हलवा, खटखट जाणवता कामा नये. ट्रिगर अगदी सावकाश दाबल्यावर चक रांगत सुरू व्हावा आणि बोट काढताच थांबावा. पहिल्याच स्पर्शाला भरधाव सुटणारं मशिन स्क्रूची डोकी खातं. २ स्पीडचे गिअर हवेतच : पहिला साधारण ४०० ते ५०० फेऱ्यांचा, दुसरा १५०० च्या पुढचा. गिअर धातूचे आहेत का, हे विचारून घ्या. क्लच म्हणजे ठरावीक जोरानंतर स्क्रू फिरवणं थांबवणारी सोय. त्याची रिंग १ वर ठेवून नरम लाकडात स्क्रू मारा. थोडा आत जाऊन क्लच कटकटला पाहिजे.

यातलं सगळं पसंत पडलं तरी एक प्रश्न विचारल्याशिवाय पैसे देऊ नका : याची बॅटरी आणि चार्जर सुटे मिळतात का, आणि केवढ्याला? रोजच्या वापरात मशिनच्या आधी बॅटरी संपते. सुटी बॅटरी मिळतच नसेल तर चांगलं मशिनही त्या दिवशी निकामी होतं. चार्जरवरचा अँपिअरचा आकडाही बघा. २ अँपिअरचा चार्जर २ अँपिअर-अवरची बॅटरी तासाभरात भरतो, ०.४ अँपिअरवाल्याला पाच तासांहून जास्त लागतात. अशा चार्जरबरोबर २ बॅटऱ्या असूनही दुपारी काम थांबेल.

प्रश्न : हॅमर असलेलं कॉर्डलेस ड्रिल घेतलं तर काँक्रीटसाठी वेगळं मशिन लागणार नाही ना?

उत्तर : विटेच्या भिंतीपुरतं खरं आहे. काँक्रीटमध्ये ६ मिमीची दोन-चार भोकं पडतील, रोज पंधरा-वीस पाडायची असतील तर नाही. या हॅमरमध्ये दातेरी चकत्या एकमेकींवर घासून बिट मागेपुढे हलवतात. ठोके मिनिटाला वीस हजारांच्या पुढे असतात, पण प्रत्येक ठोका हलका. त्यामागचा जोर तुमच्या खांद्याचा. काँक्रीटसाठीच्या वेगळ्या मशिनमध्ये, म्हणजे एसडीएस-प्लस रोटरी हॅमरमध्ये, पिस्टन हवा दाबून ठोका मारतो, म्हणून तिथे अंगाचा जोर लावावा लागत नाही. हे काम साध्या हॅमर ड्रिलवर रेटलं की मोटर तापते आणि चकची पकड ढिली होते.

थोडक्या भोकांसाठी कार्बाइडच्या टोकाचं बिट आणि दुसरा गिअर वापरा, दर पाच-सात सेकंदांनी बिट बाहेर काढून भुकटी पाडा. बिट अचानक अडून आवाज बदलला तर बहुधा सळई लागली आहे. हॅमर बंद करा आणि भोक थोडं सरकवून घ्या.

प्रश्न : बॅटरीवर दोन दिवे दिसत असतानाच मशिन बंद पडतं. घेऊन सहाच महिने झाले. बॅटरी खराब निघाली का?

उत्तर : आधी गिअर तपासा. मोठं फ्लॅट बिट किंवा होल-सॉ (मोठं गोल भोक कापणारी दातेरी वाटी) दुसऱ्या गिअरवर चालवलं की मोटर एवढा करंट ओढते की बॅटरीचं व्होल्टेज क्षणभर खाली बसतं आणि संरक्षण सर्किट वीज तोडतं. ५० मिमीचा होल-सॉ १५०० फेऱ्यांवर चालवला तर त्याची कड मिनिटाला सुमारे २३५ मीटर धावते. लोखंडी पत्र्यासाठी २५-३० मीटर पुरेत, म्हणजे पावणेदोनशे फेऱ्यांच्या आसपास. म्हणून पहिला गिअर, तोही ट्रिगर अर्धा दाबून. त्यानंतर मशिन बंद पडलं नाही, तर बॅटरीत दोष नव्हता.

पहिल्या गिअरवर, हलक्या कामालाही बंद पडत असेल तर ५ सेलांपैकी एक कमजोर झालेला असू शकतो. बाकी चार भरलेले असले तरी तो एक आधी रिकामा होतो. असं होण्याची दोन नेहमीची कारणं : गरम बॅटरी लगेच चार्जरला लावणं आणि रिकामी बॅटरी महिनोन्महिने पडून राहणं. काम संपल्यावर बॅटरी हाताला गार लागेपर्यंत थांबा, वीस-तीस मिनिटं तरी. बरेच दिवस वापरायची नसेल तर अर्धी चार्ज करून मशिनमधून काढून ठेवा. ‘पूर्ण उतरवूनच चार्ज करावी’ हा नियम जुन्या निकेल-कॅडमियमचा. लिथियमला तो अपायकारक आहे.

दुसऱ्या कंपनीची बॅटरी जोडणारे अडॅप्टर टाळा. काही कंपन्यांचं कमी व्होल्टेजचं संरक्षण बॅटरीत नसून मशिनमध्ये असतं. अडॅप्टर लावला की ते तुटतं आणि सेल मर्यादेखाली उतरतात.

प्रश्न : चक बिट धरत नाही. बाकी मशिन उत्तम आहे. नुसता चक बदलता येतो?

उत्तर : येतो. बॅटरी काढा. चकचे जबडे पूर्ण उघडा, तळाशी एक स्क्रू दिसेल. त्याचे आटे उलटे असतात, म्हणून तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवून सुटतो. इथेच बरेच जण नेहमीच्या सवयीने जोर लावून त्याचं डोकं चिरडतात. मग जाड ॲलन की चकमध्ये घट्ट पकडा, गिअर पहिला, क्लचची रिंग ड्रिलच्या खुणेवर. समोरून पाहताना काट्यांच्या उलट दिशेने कीच्या लांब दांड्यावर रबरी हातोडीचा एक झटका द्या. चक सुटेल. नवा घेताना जुना सोबत न्या. बहुतेक चकांचा आटा अर्धा इंच जाडीचा, इंचाला २० आटे असा असतो, पण ३/८ इंचाचेही असतात.