चिरलेली पालेभाजी आणि यूव्ही दिवा

प्रश्न: आमचा बचत गट चिरलेली मेथी, पालक, कोथिंबीर पाकिटांत विकतो. धुण्याऐवजी यूव्हीची पेटी घेतली तर चालेल का? भाजी आत किती वेळ ठेवायची?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर: धुण्याऐवजी अजिबात नको. घ्यायचीच तर धुतल्यानंतरची पायरी म्हणून घ्या. 254 नॅनोमीटर तरंगलांबीचे यूव्ही-सी (जंतू मारणारे अतिनील) किरण जंतूंचा डीएनए बिघडवतात, पण पानाच्या आत शिरत नाहीत. मातीचा कण, पाण्याचा थेंब, वर आलेलं दुसरं पान, काहीही आड आलं की मागचे जंतू वाचतात. मेथीचा ढीग पेटीत घातलात तर फक्त वरच्या पानांना ऊन लागल्यासारखं होईल.

जुडी सोडून सडकी पानं काढा आणि अख्खी पानं वाहत्या पाण्याखाली धुवा. मग खाद्यवापरासाठीचं 5 टक्के सोडियम हायपोक्लोराइट (क्लोरीनचं जंतुनाशक द्रावण) लिटरभर पाण्याला 2 मिली घाला (हे 100 पीपीएम, म्हणजे दहा लाखांत 100 भाग होतं) आणि त्यात दोन मिनिटं बुडवा. पाणी गढूळलं की बदला, कारण चिखल आणि पानांचा रस क्लोरीन खाऊन टाकतात. पिण्याच्या पाण्यानं खळबळून, पूर्ण निथळून मगच चिरा. सुरी आणि पाटही तितकेच स्वच्छ हवेत.

आता वेळेचं. नुसती मिनिटं सांगून उपयोग नाही; पानाच्या पातळीवर किती तीव्रता पोचते ते यूव्ही-सी मीटरनं मोजा. चौरस सेंटीमीटरला 1 मिलिवॉट भरली, तर 100 सेकंदांत 100 मिलिज्यूल मिळतात. इथून सुरुवात करा. जाळीच्या ट्रेवर एकच थर, दिवे वरून आणि खालून. नाहीतर भाजी उलटून तेवढाच वेळ पुन्हा. मात्रा वाढवत नेली की चिरलेल्या कडा तपकिरी पडतात, पान लिबलिबीत होतं. नीट जमलं तरी जंतू घटतात, संपत नाहीत, म्हणून आधीचा आणि नंतरचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्याच.

जंतू उजेडात स्वतःचा डीएनए दुरुस्तही करतात. तेव्हा भाजी ट्यूबलाइटखाली पसरून ठेवू नका, लगेच पाकिटात भरून 5 अंशांच्या खाली ठेवा.

दिव्याचा निळसर उजेड दिसतो म्हणजे यूव्ही-सी मिळतंय, असं समजू नका. साधारण नऊ हजार तासांत मारा बराच घटतो, उजेड मात्र तसाच दिसतो. नळीवरची धूळ आणि साधी काचही किरण अडवते. पार्टीतला जांभळा दिवा इथे बिनकामाचा. दार उघडताच दिवा विझेल असा स्विच हवा, कारण डोळे आणि कातडी भाजतात. नळीत पारा असतो. फुटली तरी तुकडे भाजीत पडू नयेत म्हणून वरून यूव्ही-सी आरपार जाऊ देणारं प्लास्टिकचं आवरण असलेलीच घ्या.

प्रश्न: करोनाकाळात घेतलेली यूव्ही पेटी घरच्या कोथिंबिरीला वापरू का?
— एक वाचक, परळ

उत्तर: नको. दोन-तीन पाण्यांतून धुवा आणि वापरायच्या वेळीच चिरा. कीटकनाशकाचे अंश त्या पेटीतून जातील, अशीही आशा ठेवू नका.