जीनोमची ‘चाचणी’ पॉझिटिव्ह येत नाही, आणि ‘साथ’ कुठून आली

प्रश्न असा आलाय की बातम्यांमधे ‘जनुकीय चाचणी पॉझिटिव्ह’ लिहितात ते बरोबर का, आणि जीनोम सिक्वेन्सिंगला मराठीत म्हणायचं काय.

अजिबात बरोबर नाही, ऐकून ऐकून डोकं उठलंय. पॉझिटिव्ह-निगेटिव्ह सांगते ती आरटीपीसीआर. सिक्वेन्सिंग त्याच्या पुढचं काम, विषाणू सापडला की त्याच्या जीनोमची, म्हणजे त्याच्या अख्ख्या जनुकीय मजकुराची, अक्षरं ओळीने वाचून काढायची, कोरोनाची जवळपास ३०,०००. सरकारी ‘क्रमनिर्धारण’ मला पटत नाही, क्रम विषाणूत आधीच असतो, आपण निर्धार कसला करणार? आपण फक्त वाचतो. क्रमवाचन म्हणा.

पण यातला खरा देखणा शब्द ‘साथ’, आणि त्याच्याकडे कुणी बघतच नाही. संस्कृत सार्थ म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा, त्याचा म्होरक्या तो सार्थवाह, प्राकृतात सत्थ, मराठीत साथ. सोबतीची साथ इथूनच आली हे मान्य करणारे जाणकार रोगाच्या साथीचा विषय निघाला की लगेच ‘तो शब्द वेगळा’ म्हणतात, कशाच्या जोरावर ते सांगत नाहीत. माझं ठाम मत, दोन्ही साथी त्याच तांड्याच्या. रोग काय एकटा चालत येतो? १८९६ला मुंबईत प्लेग आधी दिसला तो बंदराला लागून असलेल्या मांडवीत, गोदामांच्या वस्तीत, म्हणजे व्यापाऱ्यांच्या मालाच्या वाटेवरच.

आणि सिक्वेन्सिंग हा तांडाच तर शोधतं! समजा लालबागच्या एका चाळीत एकाच आठवड्यात पाच जणांना कोरोना निघाला. चौघांची अक्षरं जुळली, पाचव्याची पंधरा ठिकाणी वेगळी. या विषाणूत महिन्याला साधारण दोन अक्षरं बदलतात, मग पाचव्याला तो शेजाऱ्यांकडून नाही, बाहेरून दुसरीकडूनच लागलाय, मजला एक असला तरी. चौघांत कुणी कुणाला दिला हे मात्र नुसत्या अक्षरांवरून ठरत नाही, ताप कधी आला, कोण कुणाकडे बसायला गेलं, हे दारोदार जाऊन विचारावंच लागतं. पूर्वी मुंबई पालिकेला या क्रमवाचनासाठी नमुने पुण्याला पाठवावे लागायचे, ऑगस्ट २०२१मधे पालिकेच्या कस्तुरबा रुग्णालयात स्वतःची लॅब झाली.

फ्लूची तर आणखी मजा, त्याचा जीनोम आठ तुकड्यांत असतो आणि दोन जातीचे फ्लू एकाच शरीरात भेटले की तुकड्यांची अदलाबदल होते, म्हणजे तांडेच वाटेत एकमेकांत मिसळतात, त्यामुळे एकच तुकडा वाचून साथ कुठून आली हे सांगायला जाऊ नये, आठही वाचावेत.